अध्यक्षांचा फ्लेक्स

माझ्या जावयाला, यतीनला, फोनवर शोधल्याशिवाय काहीच सापडत नाही. टेक्ससमधल्या आमच्या फ्रिस्कोत रात्री बर्फ पडला, शाळा-ऑफिसं बंद झाली, आणि हा सकाळी सोफ्यात बसून स्लेडिंगच्या, म्हणजे बर्फावरून घसरायच्या, टेकड्या शोधतोय! फोनने दाखवलेली टेकडी शेजारच्या राज्यात निघाली.

"आई, इथे सगळं फ्लॅट आहे. कॅन्सल करू या."

माझी नात आन्या बूट घालून दारात उभी होती. सात वर्षांची झाली, पण बर्फावरून एकदाही घसरलेली नाही. मी मिशिगनमध्ये राहायचे तेव्हाच्या टेकड्यांच्या गोष्टी सांगून मीच तिला वेड लावलं होतं. आणि टेक्ससचा बर्फ दुपारपर्यंत टिकला तरी नशीब.

"लायब्ररीमागे पावसाचं पाणी साठवायला मोठा खड्डा खणलाय ना," मी म्हटलं, "तो सध्या कोरडा आहे. उतार चांगला, खाली सपाट, वाटेत ना झाड ना रस्ता. टेकडी नसेना का, घसरायला उतार लागतो."

प्रश्न बसून घसरायच्या स्लेडचा होता. मी गराज धुंडाळलं. तिथे इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता, खास पुण्याहून छापून आणलेला. एका कोपऱ्यात तिळगूळ आणि उरलेल्या सगळ्या जागेत अध्यक्ष नरेंद्र, हात जोडून. यतीन मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे तो पांढराफटक पडला.

"आई, प्लीज! शनिवारी लावायचाय तो."

"लाव की. आज फक्त चकचकीत बाजू खाली घ्यायची."

"चकचकीत बाजूला नरेंद्र सर आहेत!"

"मग तेही घसरतील."

फ्लेक्स घेऊन आम्ही खड्ड्यापाशी पोचलो. नव्या उतारावर आधी मोठ्या माणसाने जाऊन बघायचं, हा माझा जुना नियम. म्हणून मी गेले. सत्तरी उलटल्यावर आपण एवढ्या मोठ्याने किंचाळू असं वाटलं नव्हतं. फ्लेक्स ओढत वर आणला, आन्या बसणार, तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर टाकायला बर्फाचे फोटो काढत खुद्द नरेंद्र हजर!

"वा काकू, मस्त स्लेड आहे," पांढऱ्या बाजूकडे बघत ते म्हणाले.

मंडळात दीपप्रज्वलनापासून बटाटेवड्यापर्यंत सगळं आधी अध्यक्षांना. यतीनला तेच वळण. "सर, तुम्ही आधी!" तो बोलून बसला. मला असा संताप आला! आन्या मुकाट बाजूला झाली. उतारावर गवत डोकावायला लागलं होतं.

नरेंद्र आपल्याच तोंडावर बसून झकास खाली गेले. तळाला गडगडले, फ्लेक्स उलटा झाला आणि दोन्ही नरेंद्र समोरासमोर आले. फ्लेक्सवरच्या नरेंद्रांचं नाक खरवडून गेलं होतं.

यतीन धावत खाली गेला. "सॉरी सर, एक्स्ट्रीमली सॉरी," म्हणत तो फ्लेक्स गुंडाळू लागला.

"बट इट्स माय टर्न," आन्या माझ्याजवळ पुटपुटली. तिचे डोळे भरले होते. मला राहवेना.

"नरेंद्र," मी वरून ओरडले, "पोरीची अजून एकही फेरी झाली नाहीये!"

नरेंद्रांनी नाकाकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं. मग यतीनच्या हातातून फ्लेक्स काढून घेतला, धापा टाकत वर आले आणि स्वतःच्या हाताने स्वतःला पालथं घातलं.

"बस बेटा. लवकर."

आन्या गेली. ओरडत, हसत, टोपी उडवत गेली. बर्फाचा पार चिखल होईपर्यंत ती जातच राहिली, आणि दर वेळी फ्लेक्स वर ओढून आणायला सेक्रेटरी होतेच.

शनिवारी हॉलमध्ये फ्लेक्स लागला. नाक नाही, एक भुवई नाही, हात मात्र जोडलेले. त्याखाली उभे राहून नरेंद्र भाषणाला सुरुवात करणार, तोच पहिल्या रांगेतून आवाज आला.

"दॅट्स हिम! आय सॅट ऑन हिम!"

हॉलमध्ये हशा उसळला. नरेंद्रही हसले आणि माइकवरून म्हणाले, "पण पहिला मान अध्यक्षांचा होता बरं का."

"नो!" आन्या उभी राहिली. "आजी वॉज फर्स्ट!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी घाईघाईने तिळगुळाची अख्खी वडी तोंडात कोंबली.