चार पानांचा बाप

चाळीस वर्षांत त्याने निम्म्या नायिकांचा बाप केला होता. सेटवर सगळे त्याला बाबाच म्हणत. "तीस मुली उजवल्या, पण एका जावयाने कधी चहाला बोलावलं नाही," असं तो म्हणायचा आणि मेकअपवाला दरवेळी नव्याने हसायचा. नायिका रडली की तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, एखादं वाक्य बोलायचं आणि मध्यंतराच्या आत मरायचं, एवढंच काम. आता कुठे एका मालिकेत सलग चार पानं वाट्याला आली होती. कित्येक वर्षांनी घरी परतलेली लेक आणि तिचा म्हातारा बाप.

पण गेले सहा महिने दिवे लागून कॅमेरा सुरू झाला की त्याच्या डोक्याची पाटी कोरी व्हायची. घरी तसं नव्हतं. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बायको समोर बसायची आणि समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायची. आजवर ती त्याची लेक झाली होती, वकील झाली होती, एकदा तर दरोडेखोरही. "अगं, दरोडेखोर इतका अदबीने बोलतो होय?" म्हणून तो तेव्हा पोट धरून हसला होता. तिचं वाक्य संपलं की त्याचं आपसूक ओठांवर यायचं. ही चार पानंही त्याने काना-मात्रा न चुकवता म्हटली होती.

"काकू, आज जमलं नाही तर हा प्रसंग मला कापावा लागेल," दिग्दर्शक सेटवर सोबत आलेल्या त्याच्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाला. माणूस वाईट नव्हता. "त्यांच्या कानात बारीकसं यंत्र बसवतो. तुम्ही मागे माईक घेऊन बसा आणि त्यांची वाक्यं पुरवा. तुमच्या आवाजाची त्यांना सवय आहे."

तिने मान डोलावली. सकाळपासून तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. देवाकडे स्वतःच्या घरासाठी काही मागायचं नाही, हा तिचा जन्माचा नेम. आज तो मोडून तिने ही चार पानं मागितली होती.

प्लायवूडच्या भिंतीमागे ती बसली. भिंतीपलीकडे लेक झालेली नटी त्याच्या खुर्चीपाशी टेकली.

"बाबा, इतकी वर्षं आले नाही मी. राग आला असेल ना?"

त्याने नटीकडे पाहिलं.

"राग कसला, बाळ?" बायको माईकवर कुजबुजली. "रोज दोन कप चहा करायचो. तुझा गार झाला की तोही मीच प्यायचो."

त्याने ते मन लावून ऐकलं. अगदी डोळ्यांत पाणी आणून ऐकलं. मग म्हणाला, "एकदा तरी बोलवायचं होतंत मला, बाबा!"

कुणीतरी फिसकन हसलं. ते लेकीचं वाक्य होतं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा त्यानेच हात वर केला.

"असं करा, झटका येऊन बापाची वाचा गेलीय असं दाखवा. पोरीला बोलू द्या. मी नुसता बघतो. बघायला पाठांतर लागत नाही."

दिग्दर्शकाला सुटल्यासारखं झालं. त्याने लेखकाला फोन लावला आणि अर्ध्या तासात सगळं उरकलं. नटी खरंच रडली. टाळ्या वाजल्या. "बाबा, कमाल केलीत!" म्हणत जो तो जेवायला पांगला. दिवे विझले. तो खुर्चीतच बसून राहिला.

भिंतीमागे तिच्या मांडीवर ती चार पानं तशीच होती. पहिल्या ओळीवर नजर गेली आणि सवयीने तिच्या तोंडून निघालं, "बाबा, इतकी वर्षं आले नाही मी. राग आला असेल ना?"

माईक चालूच होता.

"राग कसला, बाळ?" पलीकडून आवाज आला. "रोज दोन कप चहा करायचो..."

तेव्हा तिला उमगलं. चाळीस वर्षं तिचा आवाज म्हणजे समोरच्याचं वाक्य. तिचं संपेपर्यंत त्याने ऐकायचं आणि मग बोलायचं. त्याच्या कानात लेकीची वाक्यं द्यायला हवी होती, आणि ती त्याचीच वाक्यं त्याला देत बसली होती.

दिग्दर्शकाला हाक मारावी म्हणून ती उठली. फटीतून पाहिलं तर कॅमेऱ्यावर कापड पडलेलं, तारा गुंडाळलेल्या. मालिकेतला बाप आता पुढेही मुकाच राहणार होता. आणि पलीकडे तो पुढच्या वाक्यासाठी थांबला होता.

ती खाली बसली. पुढचं वाक्य दिलं. मग त्याच्या पुढचं. चारही पानं तो बोलला. एकदा हसला, एकदा आवंढा गिळला, एका जागी इतका थांबला की तिचाही श्वास अडकला. असं काम तिने त्याचं कधी पाहिलं नव्हतं. आता पाहत होती, तेही फटीतून.

शेवटचं वाक्य झालं.

"अगं," तो म्हणाला, चष्मा कुठे ठेवलास विचारावं तसा, "मघाशी असं का नाही दिलंस?"

"माझ्या लक्षातच आलं नाही हो."

"असू दे," तो म्हणाला, आणि कानातलं यंत्र काढून घ्यायला कुणी आहे का म्हणून हाका मारू लागला.