आठशेवर अडलेला प्रोसेसर

घरातलं कुठलंही यंत्र जरा तापलं, की धाकट्याचे हात शिवशिवत. म्हणून घरात त्याचं नाव पडलं वैद्यबुवा. नोकरीला लागला तरी खोड गेली नाही. रविवारी ताई बाहेर गेली आणि त्यानं तिच्या लॅपटॉपवर उपचार केले. प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज किंचित कमी केलं. वेग तोच, ताप कमी. गुण छान आला, पण ताईला सांगायला बुवा विसरले. विसरले कसले, घाबरले.

सोमवारी सकाळी दहाला ताईची हाक आली. ती आर्किटेक्ट. मुलांचं वाचनालय हे तिचं स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. त्याच्या आराखड्याचा व्हिडिओ चारच्या आत निवड समितीकडे गेला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. आणि लॅपटॉप सांगत होता, व्हिडिओ तयार व्हायला अजून अकरा तास.

"काय झालंय रे याला? बघ ना."

बुवांनी घाईघाईनं प्रोसेसरचा वेग तपासला. एरवी चार हजार मेगाहर्ट्झवर पळणारा आकडा आठशेवर रुतून बसला होता. त्यानं गुपचूप व्होल्टेज पूर्ववत केलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. आठशे. पुन्हा केला. आठशेच! ताईला जेवण जाईना. एक वाजता तिच्या डोळ्यांत पाणी बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"ताई, काल मीच हात घातला होता यात."

"काय काय केलंस? सगळं सांग."

त्यानं व्होल्टेजचं सांगितलं.

"आणखी?"

"आणखी काही नाही. सकाळी तुझा चार्जर घेतला फक्त, त्याची वायर सोफ्यापर्यंत पोचते. तुला माझा लावून दिला. पिन एकच आहे की."

ताई ताडकन उठली. "अरे दीडशहाण्या, तुझा चार्जर अर्ध्या ताकदीचा! वीज कमी पडली की हा आपला वेग आवरून धरतो. ऑफिसात एकदा भोगलंय मी."

चार्जर बदलताच आकडा चार हजारांवर गेला. साडेतीनला व्हिडिओ रवाना झाला. दोघांच्याही जिवात जीव आला.

"म्हणजे माझ्या उपचारात खोट नव्हती!" बुवांना कंठ फुटला.

"मग तीन तास गप्प का बसलास?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते," ताई म्हणाली. "दहाला रागावले असते, सव्वादहाला चार्जर सापडला असता."