हलकेबाबांची दुलई

"सरकव! अजून अलीकडं सरकव!"

आर्णीच्या त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये माणसं टाचा उंचावून उभी होती. जिथं एकेकाळी कापसाच्या गाड्या रिकाम्या व्हायच्या, तिथं आता झेंडूच्या माळा घातलेला लोखंडी काटा होता. काट्यावर पांढरी दुलई अंगभर पांघरून किराणावाल्या सदाशिवरावांच्या चंदाबाई बसल्या होत्या. शिष्यानं दांडीवरचं वजन अलीकडं सरकवलं, आणखी अलीकडं सरकवलं, तेव्हा कुठं दांडी सरळ झाली. आठवड्यापूर्वीच्या मापापेक्षा बारा किलो कमी! चंदाबाईंना हुंदका फुटला, सदाशिवरावांनी नारळ फोडला आणि 'हलकेबाबा की जय'नं शेडचे पत्रे थरथरले.

दाराशी उभी असलेली रुपाली मात्र दातओठ खात होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. इथं ती दर्शनाला आली नव्हती. मोठ्या बहिणीला, ममताला, हाताला धरून घरी न्यायला आली होती.

बाबांचं कागदोपत्री नाव श्री लघिमानंद महाराज. एवढं लांबलचक कोण म्हणतो? लोकांनी हलकेबाबा करून टाकलं. स्वतः बाबा चांगले गरगरीत होते, पोट मांडीवर विसावलेलं. कोणी दबकत विचारलंच तर म्हणायचे, "भक्तांची चरबी मी माझ्या अंगावर ओढून घेतो, बच्चा!" आणि लोक यावर हसायचं सोडून डोळे पुसायचे. सांगा आता, काय बोलावं अशा लोकांना!

"माणसाच्या देहात तीन चरब्या असतात," बाबा माइकवर सांगत होते. "अन्नचरबी, चिंताचरबी आणि कर्मचरबी. पहिली डॉक्टरला दिसते. दुसरी डॉक्टरच्या बापालाही दिसत नाही. आणि तिसरी? तिसरी फक्त मला दिसते. सात दिवस निराहार, सकाळ-संध्याकाळ आपला काढा, आणि बाकी सब गोळी-औषध बंद! गोळी म्हणजे काय? शरीरात पेरलेली चरबी!"

मग नव्या भक्तिणीचं 'पापमाप' सुरू झालं. पापमाप ओलेत्यानं आणि शेवटचं पुण्यमाप सोवळ्यानं, असा बाबांचा नियम. नवी बाई न्हाऊन आली, तांब्याभर तीर्थ प्याली. दोन सेविकांनी तीर्थाच्या हंड्यातून कापूस भरलेली जाड दुलई दोन्हीकडून धरून, वाकून, कण्हत उचलली आणि तिच्या अंगाभोवती गुंडाळली. मायबहिणींची अब्रू झाकली जावी म्हणून दुलई. "दोन्ही वेळेला दुलई तीच," बाबा म्हणाले, "मग फरक पडतो तो कोणाचा? तुमचाच!" लोकांनी माना डोलावल्या. रुपालीनंही हे सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्याही डोक्यात काही शिरलं नाही.

कारण अख्ख्या गावाचं लक्ष काट्यावर होतं. ते साल दोन हजार सहाचं. कापसाचा भाव पार पडलेला. बाजारात पोतं उघडलं की व्यापारी आत हात खुपसायचा, "ओला आहे" म्हणायचा आणि होता तो भावही तोडायचा. वजनात मार खाऊन खाऊन माणसं अशी झाली होती की सख्ख्या भावानं तराजू धरला तरी आधी पारडं उलटं करून पाहायची. हे त्या भोंदूनं बरोबर हेरलं. पहिल्याच दिवशी त्यानं आरोळी ठोकली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका! काटा तपासा!"

आणि काटा कोणी तपासला? रुपालीच्या भाऊजींनी! ममताचा नवरा इंद्रजित कापूस बाजारात तोलारी होता. मापात त्याचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता. त्यानं बाजारातली शिक्का मारलेली वजनं आणली, काट्यावर ठेवली, दांडी पाहिली आणि चार लोकांत सांगितलं, "काटा खरा हाये." संपलं. काटा खरा म्हणजे बाबा खरा.

"ताई, चाल घरी," रुपालीनं गर्दीतून ममताला गाठलं.

"काहून? परवा मायं पुण्यमाप हाये."

"तोंड पाय आरशात. ओठ फुटून राह्यले तुये. साखरेची गोळी घेतली का आज?"

ममतानं मान फिरवली. "सोडल्या गोळ्या. गोळ्यायनंच माणूस फुगते म्हणतेत बाबा."

"कोणाले विचारून सोडल्या? डाक्टरीन बाईले?" रुपालीचा आवाज चढला. "आपल्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव पोत्यात भरून अरुणावतीत सोडले. आन त्याची नात या लबाडाच्या सोवळ्या-ओवळ्यात बसते?"

"मी कुठी देव म्हणतो त्याले? मी काट्यावर इस्वास ठेवतो. काटा काय देव असते?" ममताच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुले काय समजते वं? तू काडीवानी. तुले कोणी लग्नाच्या पंगतीत गठाण म्हणलं नाही."

रुपाली त्या पंगतीत होती. ममता दिवसभर शिलाई मशिनीवर बसून गावाचे ब्लाउज शिवायची, गुडघे दुखायचे, वजन वाढत गेलेलं. वाढपी जिलबी घेऊन आला तेव्हा इंद्रजित हसत म्हणाला होता, "आमच्या गठाणीले दोन जास्त वाढा." रुईची गठाण म्हणजे दाबून बांधलेला केवढा तरी मोठा गठ्ठा. सगळी पंगत हसली. ममतासुद्धा हसली. पण जिलबी तिनं खाल्ली नाही.

रुपालीला काट्याचाच संशय होता. ती तणतणत पुढं गेली आणि स्वतःच काट्यावर चढली. वजन अगदी बरोबर निघालं! लोक फिदीफिदी हसले. बाबा म्हणाले, "बेटी, शंकेचंही वजन असतं. पण काटा तेवढं दाखवत नाही." इंद्रजितनं तिला बाजूला घेतलं. "काहून इज्जत घालवून राह्यली, रुपाली? काटा म्या तपासला नं."

दोन दिवसांनी ममताचं पुण्यमाप झालं. सात दिवस पोटात अन्न नाही. काढा कसला, तर सोनामुखीचा! दिवसभर संडासच्या वाऱ्या. दोन बायकांनी तिला धरून आणलं, कोरडी दुलई गुंडाळली आणि काट्यावर बसवलं. तिची मान एका बाजूला कलली. डोळे पांढरे झाले. ती काट्यावरच आडवी झाली.

"ताई!" रुपाली ओरडली आणि धावली.

"हात लावू नका!" बाबा गरजले. "पाप निघताना भोवळ येतेच. आधी माप! आधी माप घ्या!"

आणि माप घेतलं त्यांनी! बाई शुद्धीवर नाही, तोंडाला कोरड, श्वास फुलतोय, आणि तो मेला शिष्य दांडीवर वजन सरकवतोय! तेरा किलो कमी. जयजयकार झाला. बाई मरते की जगते, याची फिकीर त्या गर्दीत कोणालाच नव्हती. रुपालीनं काट्याला लाथ घातली, ममताला वारा लागावा म्हणून दुलई एका हातानं ओढून भिरकावली आणि इंद्रजितच्या अंगावर ओरडली, "भाऊजी, रिक्षा आणा! का तुमाले बी मापच पायजे?"

सरकारी दवाखान्यात साखर तपासली तर पाचशेच्या वर. अंगातलं पाणी आटलेलं. सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. संध्याकाळी ममतानं डोळे उघडले. पुढचं इंजेक्शन घेऊन सिस्टर आली तेव्हा तिनं दंड घट्ट झाकून घेतला.

"नको मले सुई. तेरा किलो गेले मायं. सुई घेतली का पुन्हा फुगीन मी."

"अहो, नाही घेतलं तर जीव जाईल तुमचा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

"जाऊ द्या. बारीक होऊन तं जाईन."

इंद्रजित हात जोडून विनवायला लागला. ती त्याच्याकडं पाहून म्हणाली, "काटा खरा हाये, हे तुमीच सांगतलं नं गावाले?" तो व्हरांड्यात येऊन भिंतीला डोकं टेकून उभा राहिला.

रुपालीचं रक्त उकळत होतं. बहिणीवर, भाऊजीवर, त्या ढेरपोट्यावर, स्वतःवर. शेडमधलं सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात होतं, आणि एकदम तिची नजर स्वतःच्या हातावर थांबली. याच हातानं तिनं दुलई भिरकावली होती. एका हातानं! आणि पापमापाच्या वेळी तीच दुलई दोन दोन बायका कण्हत उचलत होत्या.

"भाऊजी, ओला कापूस आन कोरडा कापूस, वजनात फरक किती पडते हो?"

"हे काय इचारनं झालं? लहान पोट्टं सांगीन. कापूस पाणी पेला का..." इंद्रजितचं वाक्य अर्धंच राहिलं. मग त्यानं स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारला. "रुपाली, जल्म गेला माया कापूस मोजण्यात! काटा पायला म्या. काट्यावर काय ठेवलं, ते पायलंच नाही!"

दोघं तसेच शेडवर गेले. तांड्यावरून आलेल्या बसंतीबाईंचं पुण्यमाप चालू होणार होतं. इंद्रजित सरळ काट्यापाशी जाऊन उभा राहिला.

"थांबा! आज माप मी घेतो. आधी दुलईचं. आतमंदी माणूस नाही, नुसती दुलई."

"माप अडवशील तर कुळाला बाधा होईल!" बाबा कडाडले. "वस्त्र पवित्र आहे!"

"पवित्र हाये तं काट्यावर चढाले भेते कायले?" रुपालीनं विचारलं. गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. बसंतीबाईंनी स्वतःच खांद्यावरची दुलई काढून पुढं केली. "घ्या माय. मले बी पाहू द्या."

कोरडी दुलई काट्यावर पडली. चार किलो. इंद्रजितनं ती उचलून तीर्थाच्या हंड्यात बुडवली, वर काढली आणि पुन्हा काट्यावर टाकली. दांडी ताडकन वर गेली. त्यानं वजन पलीकडं सरकवलं, अजून पलीकडं, अजून पलीकडं. चौदा किलो!

लोक पुढं सरकून दांडीवरचा आकडा वाचू लागले.

"पाहून घ्या!" रुपालीचा आवाज पत्र्यांवर आदळत होता. "पहिल्या दिवशी तुमाले ओल्या दुलईत मोजते, शेवटच्या दिवशी कोरड्या दुलईत. दहा किलो हे दुलई बारीक होते, तुमी नाही! राहिले दोन-तीन किलो, ते उपासानं आन जुलाबानं गेलेलं अंगातलं पाणी. दोन रोज जेवले का आलं वापस! चरबी बाबाची बी नाही उतरली आन तुमची बी नाही."

"वस्त्रालाही कर्म असतं..." बाबा पुटपुटले.

"चूप!" बसंतीबाई कडाडल्या. "बाजारात ओला कापूस म्हणून आमचा भाव तोडतेत. आन इथं आमालेच ओलं करून मोजलं, आन आमी तुया पाया पडलो?"

मग जे व्हायचं ते झालं. माळा तुटल्या, माइक पडला, काढ्याचा पिंप उलटला. नारळ फोडणारे सदाशिवराव आता सगळ्यांत मागं उभे राहून घाम पुसत होते. बाबा मागच्या दारानं जीपमध्ये बसून पळाले. एवढी चरबी घेऊन माणूस इतक्या जोरात पळतो, हा मात्र खरा चमत्कार! आज तो दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या नावानं दुलई भिजवत असेल. या गोष्टीचा संताप रुपालीला आजही येतो.

इंद्रजित पाणी गळणारी दुलई खांद्यावर टाकून दवाखान्यात शिरला. "अहो, फरशी भिजवून राह्यले तुमी!" सिस्टर ओरडल्या. त्यानं ऐकलं नाही. दुलई ममताच्या खाटेच्या कडेवर ठेवली. "उचलून पाय," तो म्हणाला.

तिनं सलाईन नसलेल्या हातानं ओढून पाहिली. हलली नाही.

"हे गेलं तुयं तेरा किलो. दहा दुलईतलं पाणी, तीन तुया अंगातलं. काटा खराच होता, ममता. मीच आंधळा होतो."

ममतानं दुलईचा कोपरा मुठीत पिळला, पाणी फरशीवर गळलं. मग तिचा आवाज चढला. "मले उपाशी ठेवलं. जुलाब करवले. मायी गोळी बंद केली. आन बारीक कोण झालं? हे दुलई?" तिनं दंडावरचा पदर स्वतःच बाजूला केला. "लावा सिस्टर सुई." आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "नीट पाहून घ्या. गठाण अशी असते. मी बाई हावो."

इंद्रजितनं मान खाली घातली. "चुकलं मायं. पुन्हा तोंडातून निघणार नाही."

डॉक्टरीण बाईंनी तिला घरी सोडताना खुर्चीवर बसवून आधी प्रश्न विचारले. मशिनीवर किती वेळ बसता, गुडघा कधी दुखतो, जेवण किती वाजता होतं, आवडतं काय. बाबानं यातलं एकही विचारलं नव्हतं! शेजारणीला लागू पडलं ते तुम्हाला पडेलच असं नाही, त्या म्हणाल्या. जे आयुष्यभर जमेल तेच धरा. ममताला सकाळ जमत नव्हती, म्हणून संध्याकाळी शाळेच्या मैदानावर चालणं ठरलं. भाकरी थोडी कमी, डाळ आणि पालेभाजी जास्त, गोळी रोज. वजन उतरलं, पण हळूहळू, महिन्याला किलोभर. कुणी जयजयकार केला नाही. गुडघे मात्र जिना चढायला लागले.

बुवा काही एकाच वेषात येत नाही. कधी तो पावडरचा डबा घेऊन येतो, कधी पोटाला बांधायचा पट्टा, कधी सात दिवसांची हमी. त्याला एवढंच विचारा: माझं दुखणं पाहिलंस का? माझी औषधं का बंद करतोस? पहिलं माप कसं घेतलंस आणि शेवटचं कसं? उत्तर देताना तो चिडला, तर उठून चालू लागा. लाजू नका. लाज त्यानं बाळगायची आहे, आणि भर पंगतीत बायकोला गठाण म्हणणाऱ्यांनीही.

ती दुलई आजही ममताच्या मशिनीशेजारी घडी करून ठेवलेली आहे. ब्लाउजचं माप द्यायला आलेली एखादी पोरगी चमत्कारी गोळीची गोष्ट सांगायला लागली, की ममता टेप गळ्यात टाकून म्हणते, "बाहेर नळ हाये. आधी हे दुलई भिजवून आण, आन उचलून पाय. मंग बोलू आपण."