एक फॉल, एक भाग

साहेब, तुम्ही खोटं बोललात. "टॅब बिघडलाय, स्क्रीनच येत नाही," असं तुम्ही यमुनाक्काला तोंडावर सांगितलंत. मी त्या वेळी तुमच्याच टेबलाच्या खणात होतो आणि माझी स्क्रीन चालू होती. घाईत बंद करायला विसरलात तुम्ही.

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. डावा कोपरा तडकलेला, पाठीवर साहेब जिचा कारभार बघतात त्या संस्थेचा शिक्का आणि पांढऱ्या रंगात लिहिलेला सातचा आकडा. माझ्याबरोबर आलेले सहा भाऊ खोक्यातच म्हातारे झाले. मी नशिबाचा. मला हुबळीच्या देशपांडे नगरातल्या शिवणवर्गात पाठवलं. तिथे भिंतीला टेकवून मला उभं करायचे आणि माझ्यावर ब्लाउजच्या कटिंगचे व्हिडिओ लावायचे. बायका पाहायच्या आणि जांभया द्यायच्या. मीही दिल्या असत्या.

वर्ग शिकवायची वेदश्री. धारवाडला सप्तापुरात खोली घेऊन राहणारी, एम.ए. करणारी मुलगी. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यावर गुपचूप काहीतरी वाचत बसली आणि हसता हसता एकदम डोळे पुसायला लागली. रेश्माने मागून मान घातली. "काय गं मास्तरणी, कोण मेलं?"

"शेन राणी मेली. सख्ख्या बहिणीनं विष घातलं."

"अय्यो! मग?"

"मग दहा वर्षं मागं जाऊन परत जागी झाली. आता सगळ्यांना बघून घेणार."

त्या दिवशी सुट्टी संपली तरी कुणी मशीनवर बसलं नाही.

ती होती चिनी चित्रकथा. इंटरनेटवर रोज नवा भाग येणारी. बोटाने वर सरकवत जायचं आणि चित्रं खाली खाली उलगडत राहतात, ताग्यातून रेशीम सोडावं तशी. मला ठाऊक आहे, हे काही थोर साहित्य नव्हे. सगळ्या पुरुषांची हनुवटी एकसारखी. जो तो उठून रक्त ओकतो. राजपुत्र इतका थंड की बायकांनी त्याचं नाव 'फ्रिज' ठेवलं. पण एक सांगतो, असं बांधून ठेवणं सोपं काम नाही. थोबाडीत मारायला हात उचलला की भाग संपतो. दुसऱ्या दिवशी तो हात तीन स्क्रीनभर खाली येत राहतो, आणि बसतो तेव्हा वीस बाया एकदम "हां!" म्हणतात. जन्मभर ज्यांनी थोबाडीत खाल्ली, देता कधीच आली नाही, त्यांना तो आवाज काय वाटत असेल, याचा विचार करा.

वेदश्री इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. शेन मराठीत बोलायची. सावत्र आई मात्र कन्नडमध्ये, कारण आमच्याकडे घरात मराठी बोलणाऱ्यालाही भांडण कन्नडमध्येच जमतं. "बाय मुच्च!" असं वेदश्री ओरडली की, म्हणजे तोंड बंद कर म्हटलं की, बाहेर रस्त्यावरचा माणूस थबकायचा. शेनची लवकरच शेनक्का झाली. तिला शिव्या, सल्ले, आशीर्वाद सगळं मिळायचं.

मग नियम ठरला. एक फॉल, एक भाग. साडीला हाताने फॉल लावून झाला की एक भाग ऐकायचा. जिथे कामं तुंबत होती तो वर्ग दिलेल्या वाराच्या आधी साड्या परत द्यायला लागला. शेनक्काच्या उभ्या गळपट्टीवरून रेश्माने ब्लाउज शिवला. तो पाहून आठवड्यात तिघीजणी तसाच मागायला आल्या. कटिंगच्या व्हिडिओंनी दोन वर्षांत जे केलं नाही, ते एका मेलेल्या राणीने तीन महिन्यांत केलं. हे तुमच्या अहवालात आहे का, साहेब?

आता यमुनाक्का. वय सत्तेचाळीस. चौथीपर्यंत कन्नड शाळा, नंतर घरकाम. ती माझ्या अगदी जवळ बसायची. भाग संपला की मला मांडीवर घेऊन तीच चित्रं पुन्हा बघायची. एकदा म्हणाली, "वेदा, हे तीन शब्द सारखे सारखे येतात बघ. कुणी चिडलं की येतातच."

"हाऊ डेअर यू. एवढी हिंमत?"

यमुनाक्काने बोट ठेवून ते पाच वेळा म्हटलं. तिने वाचलेलं ते पहिलं इंग्रजी. मग 'वेट', मग 'सिस्टर', मग 'पॉयझन'. वहीत एका बाजूला इंग्रजी, शेजारी कन्नड अक्षरांत उच्चार आणि खाली मराठी अर्थ. वर्षभरात ती वही भरली. वेदश्री म्हणाली, "अक्का, दोनशे तेरावा भाग तूच वाचायचास. सगळ्यांना ऐकव. मी मधे बोलणार नाही."

"चुकलं तर?"

रेश्मा म्हणाली, "चुकलं तर आम्हाला कुठं कळणार आहे की?"

यमुनाक्का खूप हसली. सोमवार ठरला.

शनिवारी दोनशे बारावा भाग चालू होता. शेनक्काच्या हातात सुपाचा वाडगा, समोर बहीण, वाडग्यात विष आहे की नाही कळेना. यमुनाक्काच्या मांडीवर इरकल साडी होती. तिचा जीव वाडग्यात, सुई साडीत. फॉल लागला तो लाल पदराला! निऱ्यांच्या बाजूला लागायचा तो पदराला! आणि साडी होती साहेबांच्या घरची.

साहेब सोमवारी सकाळी आले. यमुनाक्का म्हणाली, "चूक माझी, साहेब. आत्ता उसवून देते." टाके हातचे, पदराला धक्का न लावता तिने दहा मिनिटांत उसवले. पण साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "संस्थेच्या टॅबवर चिनी कचरा? शिकायला येता की चाळे करायला?" वेदश्री काही बोलायच्या आत मी त्यांच्या काखेत होतो. यमुनाक्काने वही पदराखाली लपवली, जणू ती चोरीची होती.

मित्रांनो, पुढचं मी पाहिलं म्हणून सांगतो. साहेबांनी मला खोलीत नेलं, कचरा किती आहे ते तपासायला उघडलं आणि पहिला भाग वाचला. मग दुसरा. दुपारी तीनला दार लावून घ्यायचे, शिपायाला सांगायचे, "मीटिंग आहे." तीन आठवडे मीटिंग चालली. एकशे चाळिसाव्या भागाला त्यांनी रुमाल काढला. फ्रिज हसला तेव्हा तेही हसले. मला त्यांचा राग येत नव्हता तेव्हा. वाचणारा माणूस मला आवडतो.

काल ते दोनशे एकतिसाव्या भागावर होते. दार वाजलं. यमुनाक्का. "साहेब, टॅब द्याल का? अर्धा तास. इथंच बसून वाचते, तुमच्यासमोर." मी खणात गेलो, आणि ते खोटं मी आतून ऐकलं. तिने विचारलं, "दुरुस्त होईल का?" तुम्ही म्हणालात, "बघू." ती म्हणाली, "गुरुवारी येते परत." तिच्या हातात वही होती, साहेब. तुम्ही पाहिलीत.

मित्रांनो, टॅब पडून राहिला की बॅटरी फुगते आणि तो मरतो. माझी काळजी घ्यायची तर मला पुसू नका, झाकू नका, वापरा. आणि जे आवडतं ते दार लावून वाचू नका. दार लावणाराच दुसऱ्याच्या वाचण्याला कचरा म्हणतो.

साहेब, वाडग्यात काय होतं ते तुम्हाला कळलंय. यमुनाक्काला अजून नाही. तुमच्या मांडीवर जी कथा मीटिंग असते, ती तिच्या मांडीवर चाळे कशी होते? उद्या गुरुवार. ती दारात उभी राहील. तिला काय सांगणार? बोला.