सतरा नंबरचा बोअर

शिबिर कुठे घ्यायचं यावर विभागाची तिसरी बैठक चालू होती आणि तीही पाण्यापाशीच अडली होती.

पीएचडीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक मिळून चाळीसेक माणसं. दोन दिवस नांदेडच्या बाहेर एकत्र राहायचं, एकमेकांचं काम ऐकायचं, संध्याकाळी झाडाखाली बसून मोकळं बोलायचं. ही कल्पना शेषेराव सरांची. सर भूशास्त्र विभागाचे प्रमुख आणि माझे मार्गदर्शक. कल्पना चांगली होती, वर्ष चुकीचं होतं. लातूरला पाणी रेल्वेने येत होतं. तिथल्या लॉजवाल्यांनी फोनवरच नकार दिला. एकाने तेवढं विचारलं, “टँकर तुमचा का आमचा?”

“सर, चिंतन होईल,” बसवंत म्हणाला, “आंघोळ होणार नाही.”

सगळे हसले. बसवंत माझ्यासारखाच सरांचा विद्यार्थी. बैठकीत कुणी गप्प बसलेलं त्याला सहन होत नसे. सिंधु मॅडम मात्र हसल्या नाहीत. “आंघोळीचं राहू द्या. बायकांच्या संडासात पाणी असेल का, ते आधी सांगा. मग ठरवा तुमचं चिंतन.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “औशाच्या अलीकडे गुरुबसप्पा म्हणून एक शेतकरी आहेत. शेतातच त्यांनी लग्नाचा हॉल बांधलाय. आंब्याची सावली आहे. ते बघू.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “शिवगंगा, तू त्या भागात जातेस ना?”

“जाते,” मी म्हणाले. “पण तिथे पाणी नाही, सर.”

“बघू तर,” सर म्हणाले.

मी खोटं बोलले होते, आणि सरांनी ते ओळखलं होतं असं मला वाटलं.

औसा तालुक्यातल्या विहिरी आणि बोअर यांची पाणीपातळी हा माझा विषय. दर महिन्याला मी तिकडे जात होते, दुष्काळाच्या आधीपासून. गुरुबसप्पांचा बोअर माझ्या यादीत सतरा नंबरचा. बाकी सगळीकडची पातळी खाली खाली गेली. कित्येक ठिकाणी टेप कोरडीच वर यायची. सतराची पातळी मात्र जवळजवळ जागची हलली नव्हती. खडकातल्या एका भेगेत साठलेलं पाणी आहे ते. आजूबाजूची सगळी वस्ती तिथून घागरी भरते. घागरीने ते पाणी पावसाळ्यापर्यंत टिकलं असतं. टँकर लागला असता तर काही आठवड्यांत बोअर कोरडा पडला असता. आणि पाणी आहे असं कळलं की सरकार बोअर अधिग्रहित करतं, टँकर लागतो, हे तिकडे प्रत्येकाला माहीत होतं.

“मोजा, बाई,” गुरुबसप्पा पहिल्याच वर्षी म्हणाले होते. “पण इथलं पानी किती ते कुनाला सांगायचं न्हाई. शब्द द्या.” मी शब्द दिला होता.

आता सरांना ते शेत कुठून सुचलं? माझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा गेले काही दिवस त्यांच्या टेबलावर होता. त्यात मी एकाही शेतकऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं, पण नकाशावर ठिपके होते. ठिपक्यावरून शेत शोधणं भूशास्त्राच्या माणसाला अवघड नाही.

उत्तर बसवंतने कँटीनमध्ये न विचारता दिलं. “सर हल्ली लातूरला कामून जातेत, ठाऊक आहे? कलेक्टर ऑफिसात, टंचाई शाखेतल्या साहेबाकडं. उद्घाटनाला पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावलंय. उदगीरचा नवा जिल्हा होणार म्हणून राहिले सगळे. झाला, की तिथल्या पाणी समितीवर आपले सर. काहीतरी घेऊन जावं लागतं ना हातात.”

“काय घेऊन जायचं?”

“ते तुला ठाऊक,” असं म्हणून त्याने माझ्या बशीतलं भजं उचललं.

बसवंतवरही माझा विश्वास नव्हता. त्याला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. ते त्याला कोण सांगतं, आणि बदल्यात तो काय सांगतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

शेत बघायला आम्ही तिघं विभागाच्या जीपने निघालो: सर, बसवंत आणि मी. निघायच्या आधी मी गुरुबसप्पांच्या बायकोला, सिद्धम्मांना फोन केला. आमचे सर येताहेत, पाण्याचं काही कळता कामा नये, एवढंच सांगितलं.

“कळलं,” त्या म्हणाल्या. “बोअर दिवाळीतच गेला म्हनते. मोटार बंद ठेवते, हौद रिकामा करते. आनखी काय?”

“आणखी काही नाही.”

“मग भिऊन कामून राहिली? ये.”

अहमदपूरला चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने बसताक्षणीच बजावलं, “चहा मागा, पानी मागू नका.” बसवंत त्याच्याशी हुज्जत घालत असताना सर सहज म्हणाले, “टेप आणलीस ना? बोअर बघून घेऊ.”

टेप म्हणजे आमचा पातळी मोजायचा मीटर. रिळावर गुंडाळलेली लांब पट्टी, तिच्या टोकाला धातूची नळी. नळी पाण्याला टेकली की रिळातून शिट्टीसारखा आवाज येतो. तो आवाज सगळ्या शेताला ऐकू जातो.

“आणलीय,” मी म्हणाले. मग जीपमध्ये एकटी जाऊन रिळाचं झाकण उघडलं, आतला सेल काढला आणि पर्समध्ये टाकला. इतक्या वर्षांत मीटरशी मी पहिल्यांदाच लबाडी केली. झाकण लावताना स्क्रू नीट बसेना.

शेतावर सगळं ठरल्यासारखं होतं. हौदाचा तळ पांढरा पडला होता. मोटारीच्या पेटीला कुलूप. गुरुबसप्पा कामासाठी लातूरला गेले होते, म्हणजे मुद्दामच गेले असणार. सिद्धम्मांनी हात जोडून सरांना “शरणार्थ” केलं, खाटेवर बसवलं आणि तिघांपुढे अर्धे अर्धे पेले ठेवले.

“पाव्हण्याला भरला पेला देता येईना, असे दिवस आलेत,” त्या म्हणाल्या. इतकं छान म्हणाल्या की मलाही खरं वाटलं.

सरांनी हॉल बघितला. पंखे मोजले, गाद्या कुठे ठेवता येतील ते बघितलं. बसवंत भिंतींवर बोटं वाजवत फिरला. “सर, हॉल एक नंबर. पाहुण्यांचं भाषण इथं चांगलं घुमेल. ऐकायला कुणी राहिलं नाही तरी.”

“बोअर कुठे आहे?” सरांनी विचारलं.

बोअर घराच्या मागे, कढीपत्त्याच्या झाडाजवळ. सिद्धम्मा ओसरीवरच थांबल्या. मी रीळ खाली ठेवलं आणि टेप सोडवू लागले. बसवंत जरा लांब, आंब्याखाली उभा होता. सर माझ्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले,

“शिवगंगा, एक विचारतो. सतरा नंबर तू खरंच मोजतेस का?”

मला प्रश्नच कळला नाही.

“सगळा तालुका कोरडा पडला आणि सतराची रेघ सरळ. माणूस घरी बसून आकडे लिहितो, तेव्हा ते असे येतात. मी पाहिलेत असे प्रबंध. एकाची पदवी गेली, माझ्यासमोर.” ते बोअरच्या टोपणाकडे बघत होते. “शिबिर कुठेही घेता येईल. मला हे बघायचं होतं.”

म्हणजे सर बोअर शोधायला आले नव्हते. माझी चोरी पकडायला आले होते.

पर्समधला सेल बसवायला फार वेळ लागला नसता. टेप खाली सोडायची, शिट्टी वाजू द्यायची, की माझी तीन वर्षं खरी ठरली असती. पण ओसरीवर सिद्धम्मा होत्या आणि आंब्याखाली बसवंत होता. शिट्टी वाजली असती तर ती दोघांनीही ऐकली असती. दिलेला शब्द आणि पदवी, दोन्ही त्या एका आवाजावर टांगले होते. मी नुसती टेप सोडवत राहिले. सोडवण्यासारखं काही उरलं नाही, तरी बोटं चालूच होती.

“बोल काहीतरी,” सर म्हणाले.

मी बोलले नाही. गप्प बसण्याचा अर्थ ते काय घेतील हे मला कळत होतं.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. सिद्धम्मा आल्या. हातात पितळी पेला, काठोकाठ भरलेला. चालताना पाणी डचमळून त्यांच्या बोटांवरून ओघळत होतं.

“घे, तुझं टोक बुडव,” त्या म्हणाल्या.

मीटर बोअरमध्ये सोडण्याआधी तो चालतो का, हे पेल्यातल्या पाण्यात बुडवून बघायचं असतं. ही सवय सरांनीच आम्हाला लावलेली. सतरा नंबरला दर खेपेला तो पेला सिद्धम्माच आणायच्या. टेप सुटलेली दिसली की मागावा लागत नसे. आजही त्यांना टेप दिसली आणि पाय घरात वळले.

मी नळी पेल्यात बुडवली. आवाज आला नाही.

“वाजंना की गं!” सिद्धम्मा म्हणाल्या. “दर खेपेला तर वाजतंय!” आणि दर खेपेसारखंच पेल्यातलं सगळं पाणी त्यांनी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतून दिलं.

माती ते पिऊन गेली. मग त्यांचा हात तोंडाशी गेला.

सर कढीपत्त्याकडे बघत होते. आजूबाजूचं सगळं रान करपलेलं, आणि ते झाड हिरवंगार, नव्या पानांचं.

“झाड चांगलं आलंय,” ते म्हणाले.

“हाव,” सिद्धम्मा पुटपुटल्या.

सरांनी माझ्या हातातलं रीळ घेतलं. न बसलेल्या स्क्रूवरून अंगठा फिरवला, मग माझ्या पर्सकडे एकदा बघितलं. “सेल गेलाय,” ते मोठ्याने म्हणाले. “गुंडाळ टेप. शिबिर आपण विभागातच घेऊ.”

परतताना लातूर मागे पडलं. मग सर पुढच्या सीटवरून, मागे न वळता म्हणाले, “प्रबंधातून सतरा गाळ. नकाशावरून ठिपकासुद्धा. परीक्षक विचारतील तर मी बघतो.”

“आकडे खरे आहेत, सर.”

“आता माहीत आहे मला. म्हणून गाळ म्हणतोय. गाळलेलं मी चालवून घेईन. खोटं असतं तर चालवलं नसतं.”

बसवंत खिडकीबाहेर बघत होता. तो इतका वेळ गप्प बसलेला मी कधी पाहिला नव्हता. आंब्याखालून त्याने काय पाहिलं, काय ऐकलं, हे विचारलं असतं तर उरलेलंही सांगितल्यासारखं झालं असतं. म्हणून विचारलं नाही. अहमदपूरला तो कुणाशी तरी फोनवर बोलायला लांब गेला, तेव्हा मी काचेतून त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

शिबिर विभागाच्या मोठ्या वर्गात झालं. झाडांऐवजी बाकं, आणि घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या. सिंधु मॅडमनी सकाळीच स्त्रियांच्या संडासाची पाहणी केली आणि मगच आत आल्या. टंचाई शाखेतले साहेब ठरल्याप्रमाणे पाहुणे म्हणून आले. आमंत्रण आधीच गेलं होतं. सडपातळ, थकलेला माणूस. भाषणापेक्षा त्यांना प्रश्नच जास्त होते. माझं सादरीकरण संपल्यावर त्यांनी हात वर केला.

“मॅडम, औशाकडे एक बोअर अजून चालू आहे, असं कानावर आलंय. तुमचा अभ्यास तिकडचाच. तुम्हाला आढळला?”

हे साहेबांच्या कानावर कुणी घातलं? मी सरांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. मी तोंड उघडलं.

“साहेब,” मागच्या बाकावरून बसवंत उठला. “आम्हीसुद्धा ऐकलं होतं. सर, शिवगंगा आणि मी, तिघंही जाऊन आलो. मीटर माझ्यासमोर बुडवला. वाजला नाही.”

“वाजला नाही?”

“अजिबात नाही. सरांना विचारा.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “नाही वाजला,” ते म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न दुसऱ्याला विचारला.

चहाच्या वेळी बसवंत माझ्याजवळ आला. “एक शब्द खोटा बोललो का मी?”

“नाही.”

“मग असं काय बघून राहिलीस माझ्याकडं?”

“अहमदपूरला फोन कुणाला केला होतास?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती. “आईला. डाळ आणायची का विचारत होतो. तुझा प्रबंध झाला की आधी माणसं मोजायला शीक.” त्याने माझ्या बशीतलं बिस्कीट मात्र उचललं नाही.

पुढच्या महिन्यात मी एकटीच सतरा नंबरला गेले. गुरुबसप्पा हॉलच्या पायरीवर बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. मीटरमध्ये नवा सेल होता. टेप सोडवली, तशा सिद्धम्मा आतून पेला घेऊन आल्या. तोच पितळी पेला, पण अर्धा.

“आता कुनालाबी अर्धाच,” त्या म्हणाल्या. “तुलाबी.”

नळी बुडवली. शिट्टी वाजली. सिद्धम्मांनी चटकन दोन्ही बाजूंना बघितलं. पेल्यातलं पाणी त्यांनी झाडाला घातलं नाही, तसंच आत नेलं.

मी टेप बोअरमध्ये सोडली, पाणी लागलं तिथला आकडा दोनदा वाचला, आणि कुठेही लिहिला नाही.