मयताच्या घरी कुकरची शिटी

सुनंदाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या, तेवढ्यात समोरच्या घरातून रडणं ऐकू आलं. कस्तुराबाईंचे मालक, ईश्वरनाना गेले होते.

सुनंदाबाई उठल्या त्या थेट पिठाच्या डब्याकडे गेल्या. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारणींनी पिठलं-भाकरी न्यायची आणि घरच्यांना हाताला धरून चार घास भरवायचे, ही गावाची जुनी रीत. सुनंदाबाईंची सासू गेली तेव्हा पहिली टोपली कस्तुराचीच आली होती.

पण यंदाच्या पंचायतीच्या निवडणुकीत गल्लीची दोन गावं झाली. इकडची सगळी घरं छत्रीची, समोरचं एकटं कस्तुराचं कपबशीचं. छत्रीच्या रतिलालभाऊंनी मारुतीच्या पारावर घराघराला बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावली होती : कपबशीच्या घरी उठबस बंद. तेव्हा सुनंदाबाईंनीही टाळ्या वाजवल्या होत्या.

भाकऱ्या झाल्या तसा त्यांचा मुलगा नवीन दारात आला.

"माय, हे कोनासाठी?"

"कस्तुरासाठी. अजून कोनासाठी असीन?"

"भंडारा म्या उचलला. उद्या गल्ली म्हनीन, याच्या मायनं पार्टी बदलली."

"मयताले कोन्ती पार्टी रे?"

"मंग जा. पन एकटी जाजो नको."

त्यांनी भिंतीवरून शेजारच्या शीतलला हाक मारली. तिचंही पिठलं तयार होतं.

"पहिले तुमी निघा, अक्का. मी मांगूनच येते."

"तू निघ ना वं. तू तरणी."

कोणीच निघालं नाही. दारादारांतून झाकलेली ताटं घेऊन बाया एकमेकींच्या उंबऱ्याकडे पाहत राहिल्या. वरणगावहून आलेल्या पाहुण्यांनी खांदा दिला आणि नानांना नेलं.

दुपारी समोरच्या घरातून कुकरची शिटी झाली. नातवंडं भुकेने रडत होती, म्हणून कस्तुराने आंघोळ करून स्वतःच खिचडी लावली होती. मग दुसरी शिटी झाली. गल्लीत सगळ्यांनी ऐकली. नवीनने टीव्हीचा आवाज वाढवला. सुनंदाबाई गार झालेल्या भाकऱ्यांपाशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतिलालभाऊंची गाडी कस्तुराच्याच दारात थांबली. भाऊ आत जाऊन पाच मिनिटं बसले, बाहेर येऊन बायांना म्हणाले, "मयताले जाऊ नका असं कोन म्हने? म्या तं लगनकार्याचं बोललो होतो. मी आलोच ना."

गाडी गेली आणि गल्लीतली सगळी माया एकदम जागी झाली. घोळक्याने सगळ्याजणी कस्तुराच्या ओसरीत शिरल्या. शीतल पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "राग धरू नको, कस्तुराक्का. भंडाऱ्यानं पाय बांधेल होते."

सुनंदाबाईंना ते वाक्य पुरलं असतं. त्याच्या आड उभं राहायला जागा होती. पण त्यांच्याच्याने राहवेना.

"माहे नव्हते बांधेल," त्या म्हणाल्या. "भाकरी करून बसली होती मी, कस्तुरा. पन भिली. भाऊले नाई, या शीतलले भिली. अन् ते मले भिली."

शीतलने खाली पाहिलं. बाकीच्याही चटईचे दोरे पाहू लागल्या.

कस्तुराने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी खिडकीतून पाहे. तुमची ताटं दिसे मले. रडू यायच्या आंधी मनात आलं, हे मयत सुनंदाच्या घरी असतं, तं म्या रस्ता ओलांडला असता का?"

"तू आली असती," सुनंदाबाई घाईने म्हणाल्या.

"रातभर तेच इचारलं मनाले," कस्तुरा म्हणाली. "हो म्हनायची हिंमत नाई झाली."