कावळ्यापुढं दिलेला शब्द

गोदावरीच्या घाटावर सारजाबाईच्या दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता, आणि कावळा काही शिवत नव्हता. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले दिसत होते. पण एकही खाली उतरेना.

थोरल्या मुलानं, मुंजाबानं, हात जोडून सगळं बोलून पाहिलं. उरलेली मेंढरं विकणार नाही, बहिणीचं माहेर तुटू देणार नाही, देवाची जत्रा चुकवणार नाही. कावळे ढिम्म.

"धाकट्यात जीव अडकलाय म्हातारीचा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या नजरा रामकडं वळल्या.

राम न्यूझीलंडचा खासदार होता. मुंजाबानं शाळा सोडून मेंढरं वळली, म्हणून राम शिकला, जनावरांचा डॉक्टर झाला आणि तिकडं गेला. "मेंढरं टाळून पळालं अन् मेंढरांच्याच मुलखात जाऊन पडलं," असं सारजाबाई हसून सांगायची. तिथले मेंढपाळ आधी त्याला दारात उभं करत नसत. पण त्याच्या हाताला गुण होता. त्याच मेंढपाळांनी पुढं त्याला गावच्या कौन्सिलवर निवडून दिलं, आणि मग संसदेत. आता पुन्हा निवडणूक तोंडावर होती. हा माणूस नेमका कुठला, एवढा एकच प्रश्न विरोधक दारोदार विचारत होते. तरीही प्रचार टाकून तो आईच्या दहाव्याला आला होता.

"बोल की राम्या," मुंजाबा म्हणाला. "परत येतो म्हण."

"दादा, मला तसं बोलता येत नाय."

"आईपुढं बी नाय?"

"लोकांचे मोबाईल चालू हायेत."

"रामभाऊ, हितं कोण तुमचा मतदार बसलाय?" अप्पाराव म्हणाले. जिल्हा परिषदेचे हे माजी सदस्य श्रद्धांजलीचं भाषण करायला आले होते. त्यांचा कार्यकर्ता शेजारीच मोबाईल धरून उभा होता. "का कावळा मत देणार हाय?"

दहाव्यालाही लोक हसले. ऊन चढत चाललं होतं. मुंजाबाची बायको रत्नमाला पदर तोंडाला लावून म्हणाली, "भावजी, किती ताटकळत ठेवता आत्याबाईला?"

रामनं पिंडाकडं पाहिलं आणि हात जोडले.

"आई, माझं घर हेच हाय. तिकडं मी नुसता कामापुरता. शेवटी इथंच येईन."

कावळा उतरला. मुंजाबानं भावाला मिठीत घेतलं. इतकी वर्षं त्याला हेच तर ऐकायचं होतं.

संध्याकाळी अप्पारावांनी तो व्हिडिओ टाकला. खासदार सातासमुद्रापार, मन मात्र आपल्या मातीत, असं वर लिहून. मुंजाबानंही तो कौतुकानं नात्यातल्या ग्रुपवर पाठवला. फिरत फिरत तो तिकडं पोचला. कोणीतरी त्यातला तुकडा कापून खाली इंग्रजी ओळी घातल्या. पिंड नव्हता, कावळा नव्हता, रडणाऱ्या बाया नव्हत्या. 'तिकडं मी नुसता कामापुरता', एवढंच पुन्हा पुन्हा.

राम पडला. मेंढपाळांच्या वाड्यांवर तर त्याला मतंच पडली नाहीत.

मुंजाबानं गावच्या, हर्सूलच्या घरातली मागची खोली रंगवून घेतली आणि फोन लावला.

"ये आता. शब्द दिलाय तू."

"आईनं मागितला नव्हता, दादा. तू मागितलास."

"मग काय झालं? घर तुझंच हाय."

"त्या घरापायीच सगळं गेलं. तिथं कसा राहू? अन् इथंबी आता कोणी दारात उभं करत नाय."

त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

एके सकाळी मुंजाबा डब्यात भात घेऊन घाटाकडं निघाला. गंगापूरच्या जीपमध्ये बसून तो मनात वाक्यं जुळवत राहिला. आई, राम्याला मोकळं कर. तो शब्द तुला नव्हताच, माझ्यासाठी होता.

घाटावर त्यानं भात ठेवला, मागं सरला, हात जोडले.

बाभळीवरचे कावळे भरारा खाली आले. त्यानं तोंड उघडायच्या आत भात संपला होता.